सोन्याच्या रिपीटर आणि म्युझिकल खिशातल्या घड्याळांचे टोल रेंगाळतात, मध्येच अडकतात: दर सहा महिन्यांनी तेच का होतं

प्रॉब्लेम असा. पणजोबांचं म्हणा, लिलावातून घेतलेलं म्हणा, सोन्याचं खिशातलं घड्याळ आहे, बाजूची पट्टी सरकवली की टोल देऊन वेळ सांगतं (हे रिपीटर) नाहीतर कळ दाबली की छोटीशी धून वाजवतं (हे म्युझिकल). सर्व्हिसिंग करून आणलं की काही महिने झकास चालतं. मग टोल हळूहळू रेंगाळायला लागतात, बारा वाजले असतील तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच टोल दम लागल्यासारखे, आणि एक दिवस टोल देता देता मध्येच अडकतं आणि गंमत म्हणजे वेळ दाखवायचंही थांबतं. परत दुरुस्तीला नेलं की परत तेच उत्तर, स्प्रिंग कमजोर झालीये, नवीन टाकतो. टाकतात, काही महिने परत झकास, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

तर बहुतेक वेळा स्प्रिंगचा काही दोष नसतो. दोष असतो डुबकी सर्व्हिसचा. म्हणजे मूव्हमेंट (घड्याळाचं आतलं यंत्र) केसमधून काढायची, पूर्ण न उघडता तशीच्या तशी व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवायची, हलवायची, फुंकणीने वाळवायची, दिसतील तिथे तेलाचे थेंब सोडायचे आणि झाकण लावायचं. साध्या रोजच्या घड्याळाला हे एक वेळ खपून जातं, रिपीटरला नाही. कारण जुनं घट्ट झालेलं तेल पेट्रोलमध्ये विरघळतं पण निघून जात नाही, पातळ होऊन सगळीकडे पसरतं, प्लेट आणि चाकाच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, आणि पेट्रोल उडालं की तिथेच वार्निशसारखा थर धरतं. सुरुवातीला पातळ असतं म्हणून घड्याळ पळतं. काही महिन्यांत घट्ट होतं. म्हणूनच तक्रार इतकी ठरल्या वेळेला परत येते, ते काय नशीब नाही.

डुबकी झालीये का हे तुम्हाला स्वतःला बघता येतं, दहापट भिंग घ्या आणि मागचं झाकण उघडा. ज्या माणिकांमध्ये चाकांची टोकं फिरतात त्यांच्याभोवती प्लेटवर तपकिरी कडं दिसतंय का बघा, समुद्राचं पाणी ओसरल्यावर वाळूवर रेघ राहते तसं. आणि स्क्रूच्या खाचा बघा. बिलावर "फुल ओव्हरहॉल" लिहिलंय आणि पुलाच्या (चाकांची टोकं वरून धरणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूच्या खाचेत जुना काळा मळ जसाच्या तसा बसलाय म्हणजे त्या स्क्रूला कोणी हातच लावलेला नाही. मी आधी तेवढंच बघतो, बाकी चर्चा नंतर.

आता आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा, कारण "म्युझिकल" हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या यंत्रांना वापरतात.

एक म्हणजे रिपीटर. अंधारात, दिवा न लावता वेळ कळावी म्हणून निघालेली गोष्ट. इंग्लंडमध्ये १६८७ मध्ये एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांचा यावरून पेटंटचा वाद झाला होता, राजा दुसरा जेम्स याच्यासमोर दोन्ही घड्याळं गेली आणि क्वेअरचं पसंत पडलं कारण त्यात एकाच दाबात तास आणि पाव तास दोन्ही वाजायचे, बार्लोच्याला दोनदा दाबायला लागायचं. तेव्हा आत खरी घंटा असायची. नंतर १७८३ च्या सुमाराला पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याने घंटेऐवजी वळवलेली पोलादी तार आणली, तिला गाँग म्हणतात, आणि घड्याळं एकदम पातळ झाली. तुमच्या घड्याळात मूव्हमेंटच्या कडेने गोल फिरलेली एक किंवा दोन तारा आणि त्यांच्या शेजारी चिमुकल्या हातोड्या दिसल्या तर ते रिपीटर. यातली बरीचशी चांगली कामं स्वित्झर्लंडच्या व्हॅली द जू मधली, ल ब्रासू, ल सांतिए ही गावं, डायलवर नाव कुणाचंही असो.

दुसरं म्हणजे खरं म्युझिकल. १७९६ मध्ये जिनिव्हाच्या आंत्वान फाव्हर याने घंटा आणि हातोडी दोन्ही नसलेलं वाजणारं यंत्र तिथल्या कलामंडळापुढे ठेवलं, ट्यून केलेली पोलादी पाती आणि त्यांना छेडणाऱ्या पिना. म्युझिक बॉक्सची सगळी वंशावळ तिथून सुरू होते. घड्याळात जागा कमी, म्हणून सिलिंडरऐवजी चपटी चकती आली, तिच्या दोन्ही बाजूंना पिना आणि वर-खाली पंख्यासारखी मांडलेली पाती. पिगे आणि मेलाँ या जिनिव्हाच्या जोडीची (१८११ ते १८२८) अशी घड्याळं आजही लिलावात येतात. यात मागे किल्लीची दोन भोकं असतात, एक वेळेचं आणि एक गाण्याचं. चुकून एकाच भोकात किल्ली देत बसणारे आणि "गाणं वाजतच नाही" म्हणणारे पण भेटतात, हसू नका.

रिपीटरवाल्यांसाठी पुढची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिला हत्यार लागत नाही. मिनिट रिपीटर (तास, पाव तास आणि वरची मिनिटंही वाजवणारं) असेल तर काटे पुढे फिरवून (कायम पुढेच, मागे नाही) बारा एकोणसाठवर आणा आणि पट्टी पूर्ण ओढून सोडा. बारा तासांचे, तीन पावांचे दोन-दोन म्हणजे सहा, आणि चौदा मिनिटांचे, एकूण ३२ ठोके पडले पाहिजेत. टोल पूर्ण संपू द्या. मग एक एकोणसाठवर आणा, तिथे एक अधिक सहा अधिक चौदा, २१ ठोके. मोबाइलवर दोन्ही रेकॉर्ड करा आणि शांतपणे ऐका.

रिपीटरची स्प्रिंग वेगळी असते, छोटीशी, आणि ती तुम्ही पट्टी ओढता तेव्हाच भरली जाते. बारा वाजता पट्टी लांब सरकते म्हणून स्प्रिंग जास्त भरते, एक वाजता थोडी. पण टोल संपताना दोन्ही वेळी ती एकाच ठिकाणी येऊन थांबते, आणि त्या ठिकाणी तिच्यात आधीपासून थोडा ताण राखून ठेवलेला असायला लागतो, असेंब्ली करताना एक-दोन दाते आधीच फिरवून. त्याला आमच्यात सेटअप म्हणतात. तर रेकॉर्डिंगमध्ये बाराचे टोल जोरात सुरू होऊन मिनिटांपाशी येईपर्यंत जीव जातोय आणि एकचे पहिल्यापासूनच मरगळलेले आहेत असं असेल तर स्प्रिंगकडे बघायचं, आणि तेव्हाही पहिला संशय सेटअपवर, म्हणजे मागच्याने उघडलं आणि बसवताना ताण द्यायचा राहिला. पण दोन्ही वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच संथ वाजतायत, चाल एकसारखी आहे पण गती कमी, तर स्प्रिंगला काही झालेलं नाही, शक्ती कुठेतरी घर्षणात जातेय, आणि ती जवळजवळ नेहमी टोलाच्या चाकांच्या शेवटच्या टोकाला जाते, गव्हर्नरपाशी.

गव्हर्नर म्हणजे टोलांचा वेग धरून ठेवणारा शेवटचा पार्ट. जुन्या रिपीटरमध्ये तो अँकरसारखा असतो आणि टोल देताना मागे घर्रर्र आवाज येतो तो त्याचाच, १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी फिरणारे वजनाचे शांत गव्हर्नर आले. अजून जुन्यात वेगळा गव्हर्नरच नसतो, शेवटच्या पिनियनचं (छोट्या दातेरी चाकाचं) बुश, म्हणजे त्याचं टोक फिरतं ती गोल कडी, एका बाजूला सरकलेलं असतं आणि ते फिरवलं की पिनियन चाकाच्या दातात कमी-जास्त खोल बसतं आणि वेग बदलतो. हे बुश स्क्रूसारखं दिसतं, त्याला खाच असते, आणि म्हणून प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याने ते थोडं थोडं फिरवलेलं असतं. कृपा करून टोल संथ झाले म्हणून ते फिरवू नका आणि फिरवूही देऊ नका. तेल घट्ट झालंय म्हणून टोल हळू पडतायत, तुम्ही पिनियन बाहेर काढून वेग वाढवला, आता ते दातांच्या टोकांवर घासतंय, पुढच्या वेळी नीट सफाई झाली की टोल सुसाट सुटणार आणि दाते झिजणार.

गव्हर्नरच्या चाकाचं टोक केसापेक्षा बारीक असतं, आणि तिथे येणारी शक्ती गिअरमधून गाळून गाळून इतकी कमी उरलेली असते की जरासा चिकटपणा त्याला पुरतो. मागे एक घड्याळ उघडलं होतं, अठरा कॅरेट, दोन्ही बाजूंना झाकण, उत्तम काम. बॅलन्स, पॅलेट हे वेळ चालवणारे भाग सगळे बरे होते, पण गव्हर्नरचं टोक माणिकातून बाहेर काढलं तर त्यावर गूळ जळल्यासारखी तांबूस कॉलर. पेगवूडच्या (टोकदार लाकडी) काडीने ती खरवडून काढली, माणिकाचं भोक साफ केलं, बाकी कशालाही हात न लावता टोलांचा वेग परत आला. आणि त्या घड्याळात आधी दोनदा स्प्रिंग बदललेली होती, दुसरी पहिलीपेक्षा जाड.

जाड स्प्रिंगचं सांगतो कारण हाच सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. जोर वाढवला की अडकणं सुटतं, खरंय. पण मग हातोडी गाँगवर आपटते, मागे यायच्या आत परत टेकते, आवाज झणझणतो. रॅकचे (टोल मोजणाऱ्या दातेरी पट्टीचे) दाते झिजतात. म्युझिकल घड्याळात तर चकतीच्या पिना वाकतात, आणि पिना वाकल्या की ते घड्याळ दुरुस्त करणारा माणूस भारतात शोधून दाखवा.

मग करायचं काय. पूर्ण उघडायचं, याला दुसरा रस्ता नाही. आणि उघडायच्या आधी सगळ्या स्प्रिंग उतरवायच्या, वेळेची पण आणि टोलाची किंवा गाण्याची पण. किल्ली तिच्या चौकोनी टोकावर घट्ट धरून स्प्रिंगला मागे सुटू न देणारा खटका उचलायचा आणि किल्ली बोटांत हळूहळू सुटू द्यायची. हे माहीत असतं सगळ्यांना पण म्युझिकल घड्याळात दुसरी स्प्रिंग विसरली जाते. गाण्याची स्प्रिंग भरलेली असताना कोणी गव्हर्नर किंवा पंख्याचा पूल सैल केला तर चकती एका सेकंदात सुसाट फिरते, पिना आणि पाती दोन्ही मोडतात, आणि त्या एका सेकंदात घड्याळाची किंमत निम्म्याच्याही खाली येते. म्युझिक बॉक्सवाले याला सगळ्यात जास्त घाबरतात आणि बरोबर घाबरतात.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल सरसकट वापरू नका, पॅलेटचे माणिक आणि बॅलन्सचा दगड लाखेने चिकटवलेले असतात, अल्कोहोलमध्ये लाख सुटते. बेंझाइन म्हणजे व्हाइट पेट्रोल (विषारी बेंझीन नव्हे) किंवा चांगलं घड्याळाचं क्लीनर वापरा, प्रत्येक भोक पेगवूडने आतून घासा. डायल एनॅमलची असेल तर तिला कुठल्याच द्रावणात घालायची गरज नाही, तडे असतील तर त्यात मळ जाऊन अजून उठून दिसतो.

तेलाबद्दल लोकांचे वाद कधी संपत नाहीत, मी काय करतो ते सांगतो. मेन स्प्रिंगला मोबियस ८२०० ग्रीस, जाड संथ फिरणाऱ्या टोकांना डी५, बारीक जोरात फिरणाऱ्यांना ९०१०, आणि गव्हर्नरच्या टोकांना ९०१० तेही इतकं कमी की भिंगातून भोकात चकाकी दिसली की बस. माणिकाच्या वाटीत तेल तुडुंब दिसत असेल तर ते पुसून परत लावा. गव्हर्नरच्या अँकरच्या टोकांना मी तेल देत नाही, काही जण देतात. पण जिथे कोणीच देऊ नये आणि तरी दिलेलं सापडतं ती ठिकाणं म्हणजे गाँग, हातोडीचं तोंड, म्युझिकल घड्याळातली चकतीची पिनांची बाजू आणि पात्यांची टोकं. पिनांवर तेल टाकलं की धूळ धरतं आणि वर्षभरात सगळी धून चिखलातून चालल्यासारखी होते.

आवाज दबलेला येतोय, झणझणतोय, ही वेगळी तक्रार आहे पण बहुतेक याच घड्याळांना असते म्हणून इथेच. आधी झाकण उघडं ठेवून वाजवा, मग बंद करून वाजवा. उघडं असताना गोड आणि बंद केल्यावर झणझण असेल तर आतल्या झाकणाची आतली बाजू तिरक्या उजेडात धरा. कडेपासून थोडं आत एक बारीक चकचकीत कमान दिसेल, पेनाने काढल्यासारखी. ती गाँगने घासून काढलेली आहे. झाकण कधीतरी दाबलं गेलंय, सोनं मऊ, ते आत आलंय आणि तारेला टेकतंय. गाँग वाकवायची नाही, झाकण सरळ करायचं, आणि ते काम सोनाराचं नाही, केस दुरुस्त करणाऱ्याचं. झाकण ठीक असेल तर सिगारेटच्या कागदासारखा पातळ कागद तारेच्या पूर्ण लांबीभर प्लेट आणि तारेच्या मधून फिरवून बघा, कुठे अडकतो तिथे ती टेकतेय. तारेच्या बुडाचा स्क्रू सैल असला तरी आवाज मरतो, तो घट्ट आहे ना एवढं आधी बघा कारण तेच सगळ्यात सोपं. हातोडी मारून झाल्यावर गाँगपासून केसभर लांब थांबली पाहिजे, टेकून राहिली तर टोल ठक्क वाजतो. तिला थांबवणारी एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली) पिन असते, अगदी थोडी फिरवायची. वेस्टमिन्स्टर चाल (लंडनच्या बिग बेनची धून) वाजवणाऱ्या चार गाँगच्या घड्याळात हे चारदा करायचं, आणि एकीचं केलं की दुसरीचं बिघडतं, तर निवांत दिवस काढा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गाँगवर गंजाचा ठिपका येणं अगदी कॉमन आहे. निळ्या केलेल्या पोलादावर छोटा तपकिरी ठिपका. तो घासून काढायचा मोह होतो, काढू नका, जिथे घासाल तिथे तार बारीक होते आणि स्वर बदलतो. गंज थांबवायचा, बस.

टोलांची संख्याच चुकतेय असं असेल तर. आधी हे बघा की तुम्ही पट्टी पूर्ण ओढताय ना. चांगल्या रिपीटरमध्ये एक खटका असतो, पट्टी शेवटपर्यंत गेली नाही तर घड्याळ अजिबात वाजत नाही, अर्धवट चुकीचं वाजवण्यापेक्षा गप्प बसतं. लोकांना वाटतं बंद पडलं. जुन्या घड्याळांत हा खटका नसतो, तिथे अर्धवट ओढलं की दहा वाजता सात टोल पडतात आणि ते घड्याळाची चूक नसते. पूर्ण ओढूनही तास चुकत असेल आणि तो फक्त तासाच्या आसपासच चुकत असेल, म्हणजे तीन वाजून दोन मिनिटांनी दोनच टोल, तर बारा दात्यांचं जे ताऱ्यासारखं चाक असतं त्याला उडी मारायला लावणारी आतली स्प्रिंगपट्टी कमजोर झालीये किंवा तिच्यावर पण तोच चिकट थर बसलाय. मिनिटं कायम सारख्याच फरकाने चुकत असतील, दर वेळी तीन जास्त असं काहीतरी, तर यंत्राला हात लावू नका, मिनिट काटा चुकीच्या जागी बसवलाय. आणि कसंही, बारा एकोणसाठ आणि लगेच एक वाजता, ही दोन टोकं तपासल्याशिवाय दुरुस्तीवाल्याकडून घड्याळ ताब्यात घेऊ नका. तिथेच टोल किती द्यायचे ते ठरवणाऱ्या चकत्यांच्या सगळ्या पायऱ्या एकदम बदलतात आणि चोर तिथेच सापडतो.

टोल चालू असताना काटे फिरवायचे नाहीत हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः पाहुण्यांना दाखवताना. त्या वेळी रॅकचं बोट पायऱ्यांच्या चकतीवर टेकलेलं असतं, काटा फिरवला की त्याच्यावरून ओरबाडत जातं. टोल मध्येच अडकला की घड्याळ बंद का पडतं याचंही कारण तेच, बोट चकतीवर अडकून राहतं आणि चकती काट्यांच्या चाकांवर बसलेली असते. अशा वेळी पट्टी परत परत ओढू नका. एकदा हलकेच बघा, नाही सुटलं तर तसंच ठेवून द्या.

म्युझिकलवाल्यांसाठी अडकण्याची जागा हीच मोठी खूण. प्रत्येक वेळी अगदी त्याच सुरावर थांबतंय तर चकतीवरची पिन वाकलीये नाहीतर ते पातं खाली आलंय. वेगवेगळ्या सुरांवर पण ठरावीक अंतराने अडखळतंय तर मधल्या एखाद्या चाकाचा दाता खराब आहे, कारण ते चाक चकतीच्या एका फेऱ्यात अनेकदा फिरतं. कुठेही, कधीही, काही नेम नाही असं असेल तर परत गव्हर्नर आणि तेल. आणि सुरुवात छान, शेवटच्या एक-दोन ओळी रडक्या असं असेल तर स्प्रिंगच्या डब्यावरचा क्रॉसच्या आकाराचा स्टॉप आहे का बघा. तो स्प्रिंगचा फक्त मधला भरवशाचा भाग वापरू देतो, पूर्ण ढिली होईपर्यंत वाजू देत नाही. जुन्या दुरुस्त्यांत "याचं काही काम नाही" म्हणून तो काढून फेकलेला असतो.

एखादं पातं बेसूर वाटलं तर कानस लांब ठेवा. पात्याच्या टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं ज्ञान धोकादायक आहे. सुरुवातीच्या काळात एकेक किंवा चार-पाच पात्यांचे तुकडे वेगळे स्क्रूने लावलेले असायचे, त्यातला स्क्रू सैल असला तरी सूर गेल्यासारखा वाटतो. आधी तो बघा.

सोन्याबद्दल थोडं. सर्व्हिसिंगबरोबर "पॉलिश करून देतो" म्हणतात तेव्हा नाही म्हणा, कोरीव काम आणि छाप दोन्ही झिजतात. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्यानंतर अठरा कॅरेटला हेल्व्हेशियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) मुख आणि चौदा कॅरेटला खारीचा छाप आला, तो आतल्या बाजूला असतो. आतलं झाकण बऱ्याचदा नुसतं मुलामा दिलेलं पितळ असतं, त्यावर "मेटल" (म्हणजे सोनं नव्हे) असं लिहिलेलंही असतं, तर कोणी पूर्ण वजन सोन्यात धरून भाव सांगत असेल तर ते चूक. आणि उलट्या बाजूने, भाव चढला की सराफाकडे तोळ्यावर केस विकायची आणि मूव्हमेंट डबीत टाकून ठेवायची हे आपल्याकडे सर्रास झालंय. केस गेली की गाँगला हवी ती पोकळी जाते, ते यंत्र नंतर कुठल्याही दुसऱ्या केसमध्ये तसं वाजत नाही. बाकी आपलं घड्याळ करोडोंचं असेल या आशेवर पण राहू नका. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने अमेरिकन बँकर हेन्री ग्रेव्ह्ज यांना १९३३ मध्ये दिलेलं वेस्टमिन्स्टर टोलांचं सोन्याचं घड्याळ २०१४ मध्ये जिनिव्हात सोदबीजच्या लिलावात २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकला गेलं आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपलं तसंच वाटतं. त्यात २४ कॉम्प्लिकेशन्स (वेळ दाखवण्यापलीकडची कामं) होती. साधं पाव-तासाचं रिपीटर हा वेगळा विषय आहे.

दुरुस्तीवाला निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो, टोलाची स्प्रिंग किती दाते सेटअपवर ठेवणार. तो विचारात पडला, आधी उघडून बघायला लागेल म्हणाला तर चांगला माणूस. "त्याची गरज नसते" म्हणाला तर घड्याळ खिशात घालून घरी या. उघडलेल्या अवस्थेतले फोटो मागा, डायलखालच्या बाजूचा तर हवाच कारण रिपीटरचं सगळं काम तिथे असतं आणि डुबकीवाला तिथे पोचतच नाही.

दुरुस्ती नीट झाल्यावर महिन्यातून एकदा तरी वाजवा. बऱ्याच घरांत हे घड्याळ वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर येतं, फुलं वाहिली जातात, एकदा पट्टी ओढली जाते आणि परत लॉकरमध्ये. वेळेची चाकं किल्ली दिली की दिवसभर फिरतात, टोलाची चाकं त्या एका ओढीपुरतीच, त्यामुळे तेल तिथेच आधी बसतं. लॉकरमध्ये ठेवायचंच असेल तर चामड्याच्या पाकिटात नको, दमट हवेत चामडं ओल धरतं, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पावसाळ्यानंतर पुड्या बदला.

आणि इथे कोणीच नीट करत नाही म्हणून स्वित्झर्लंडला पाठवायचा विचार असेल तर आधी घड्याळाचं वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वस्तू येतात आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, दुरुस्तीसाठी नेतोय म्हणून कस्टममध्ये सुटका होईल असं धरून चालू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे घड्याळ दाखवून ते या कायद्यात येत नाही असं प्रमाणपत्र मिळतंय का ते विचारा, मिळालं तर ते हातात आल्यावरच कुरिअर किंवा विमानाच्या तिकिटाचं बघा.